आळलं, विरजलं, धरलं, मुरलं

बाई, परवा आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीनं दारातून डोकावून सांगितलं, "सर, सेट झालं," आणि माझ्या तोंडून तुमचा प्रश्न जसाच्या तसा बाहेर पडला. सेट झालं म्हणजे नक्की काय झालं? ती बिचारी गोंधळली, सर चिडले असं तिला वाटलं. मी चिडलो नव्हतो. तुमची आठवण आली की माझा आवाज आपोआप करडा होतो, एवढंच. मग तिला समोर बसवून तुमचे चार शब्द शिकवले. तिनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतले आणि विचारलं, हे कुणी काढले, सर? मी सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकलो. तुमच्याबद्दल बोलायचं म्हणजे मधूनच माझ्या आईबद्दल बोलावं लागतं, आणि ते मला चारचौघांत जमत नाही. म्हणून आज रविवारी, घरात कुणी नाही असं बघून, तुम्हालाच लिहायला बसलो आहे. मी आता घोडबंदर रोडला राहतो. तुमच्या वेळी इथे माणूस दिवसासुद्धा एकटा यायला बिचकायचा. आता खाली गाड्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत.

तुमच्याकडे लागलो ते ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. डोंबिवलीच्या एमआयडीसीतली आपली ती लहानशी कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी प्लास्टर आणि सिमेंट बनवायची, आणि प्लास्टरच्या शेडमागच्या दोन खोल्या म्हणजे तुमची प्रयोगशाळा. तिथे सगळ्यावर पांढरी धूळ बसलेली असायची. संध्याकाळपर्यंत माझे केस, भुवया, मिशी सगळं पांढरं व्हायचं, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायचात, म्हातारपणी कसा दिसशील ते आत्ताच बघून घे. मुलाखतीत तुम्ही मार्कांचं काही विचारलं नव्हतंत. राहतोस कुठे, एवढं विचारलंत. ठाण्याच्या कोळीवाड्यात, असं मी जरा जपूनच सांगितलं, कारण त्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पाठ होतं. तुमचा चेहरा चक्क उजळला. घरी अजून मासळीचा धंदा आहे का, कोलंबी येते का, आई स्वतः सोलते का, असं तुम्ही एकामागून एक विचारत सुटलात. मी चांगल्या मार्कांनी एमएस्सी झालेला, आणि माझी मुलाखत चालली होती कोलंबीवर. घरी येऊन आईला सांगितलं की नोकरी बरी दिसते, पण बाई डोक्यानं जरा ह्या आहेत.

कोलंबीचं कारण नंतर कळलं. नौपाड्यातले हाडांचे डॉक्टर, तुमचे कॉलेजपासूनचे मित्र, तुमच्या मागे एक काम लावून बसले होते. हाड मोडून आत खड्डा पडला, की ते रुग्णाच्या कमरेचं थोडं हाड काढून तो भरायचे. मोडलेलं हाड बरं व्हायचं आणि कमर कुरकुरत राहायची. मला असं काहीतरी करून द्या, ते म्हणायचे, जे सुईतून आत जाईल, खड्ड्यात पसरेल, तिथेच दगडासारखं होईल आणि पुढे शरीर त्याचंच हाड करून घेईल. परदेशात ह्यावर काम सुरू झालं होतं. तुम्ही मुंबईच्या लायब्ररीत जाऊन त्या लेखांच्या झेरॉक्स आणायचात आणि डब्यासोबत वाचायचात. दातांचं सिमेंट जमतं त्यांना हाडांचं का जमू नये, एवढाच तुमचा युक्तिवाद. आमच्या शेठना तो तुम्ही कसा पटवलात हे मला आजही कोडं आहे. हाड ज्याचं बनलेलं असतं ती कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी आपण कालवायचो, सिरिंजमध्ये भरायचो, आणि दट्ट्या दाबला की आधी नुसतं पाणी बाहेर यायचं आणि भुकटी आतच ठासून बसायची. तिला बांधून ठेवायला काहीतरी चिकट हवं होतं, शरीराला चालणारं. ते कोलंबीच्या टरफलांतून निघतं, त्याला कायटोसान म्हणतात, हे तुम्ही कुठेतरी वाचलं होतंत. भुकटीला एकटीला जमत नाही ते दोघांनी मिळून करायचं, अशी सगळी योजना होती.

तेव्हापासून दर आठवड्याला मी घरून पिशवीभर टरफलं घेऊन डोंबिवलीला यायला लागलो. शिकायचं आणि ह्या वासातून सुटायचं, असं मी शाळेत असताना ठरवलेलं. आईला तर हसू आवरत नव्हतं. बाजारातल्या बायकांना बोलावून बोलावून सांगायची, "एवरा शिकला न शेवटी सालांच उचलाला आयला." पण ती सालं द्यायची मात्र निवडून. ताजी, एकाच जातीच्या कोलंबीची, तीन पाण्यांनी धुतलेली. तुमच्याकडे ती आधी ऍसिडमध्ये पडायची, मग कॉस्टिकमध्ये उकळायची आणि वास शेडभर पसरायचा. त्या भागात रोज कुठला ना कुठला वास असायचाच, डोळ्यांतून पाणी काढणारा, आणि त्याबद्दल कधी कुणी शब्द काढला नव्हता. कोलंबीचा वास आला आणि आमच्या अकाउंटंटची तक्रार आली. मी मान खाली घालून उभा. तुम्ही त्यांना अगदी गोड आवाजात सांगितलंत की शेजारच्या कंपनीतला गॅस तुम्हाला येत नाही आणि कोलंबी तेवढी येते, तर एकदा नाक दाखवून घ्या, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. त्या दिवसापासून मी तुमचा माणूस झालो, बाई. तोवर ती नुसती नोकरी होती.

तुम्ही स्वतः चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या. पण पेस्ट टोचून बघायला ताजं हाड लागायचं. मी आणतो, म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तुला रश्शाचं हाड कळतं, मला हवं ते मलाच कळतं. मग इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी, अशा तुम्ही डोंबिवली पूर्वेच्या मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या राहायचात. तुमच्या कॉलनीतल्या बायका रस्त्यानं जाताना बघायच्या आणि बघितलंच नाही असं दाखवायच्या. मी एकदा तुमच्याबरोबर होतो. दुकानदारानं आदबीनं विचारलं, ताई, सूपासाठी ना, फोडून देऊ? "फोडू नका," तुम्ही म्हणालात. "दुरुस्तीसाठी हवंय." पुढे पुढे तुम्ही लांबून दिसलात की तो मांडीचं अखंड हाड बाजूला काढून ठेवायचा. कॉलनीत काय काय बोललं जातं ते माझ्या कानावर यायचं, तुमच्याही येत असणारच. मी विचारलं तेव्हा म्हणालात, बोलू देत रे, जेवताना तेवढाच नवा विषय.

हळूहळू पेस्ट सुईतून सुरळीत यायला लागली, आणि डॉक्टरांनी ती बघायला रुग्णालयातले काही ज्येष्ठ सर्जन बोलावले. टेबलावर कोमट मिठाच्या पाण्यात बोकडाचं हाड, त्यात आपण पाडलेला खड्डा. मी पेस्ट टोचली, थांबलो, ती ओघळायची थांबली तसं म्हटलं, सेट. तुम्ही काडीचं टोक टेकवून बघितलंत, ठसा उमटला नाही, तुम्हीही म्हणालात, सेट. आणि डॉक्टरांच्या लेखी 'सेट' म्हणजे आता ह्यावर भार टाकायला हरकत नाही. त्यांनी हाड उचललं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, दोन्ही हातांनी वाकवलं, आणि आतला सगळा माल भुगा होऊन त्या मोठ्या लोकांच्या पुढ्यात सांडला. एकानं घड्याळ बघितलं. ते गेल्यावर मी डॉक्टरांना दोष दिला, डॉक्टरांनी मला. तुम्ही टेबल पुसत होतात. पुसून झाल्यावर म्हणालात, रविवारी दोघेही माझ्याकडे जेवायला या.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीशी ओटा, वरच्या फळीवर पितळेचे डबे, आणि तुम्ही पिठलं ढवळताय. ढवळता ढवळता विचारता, हे काय झालं? आळलं, मी म्हणतो. मग तुम्ही जाळीच्या कपाटातून नुकतंच लागलेल्या दह्याचं पातेलं काढता आणि विचारता, हे? विरजलं, डॉक्टर म्हणतात. तुम्ही पातेलं त्यांच्या हातात देता आणि सांगता, हलवा. ते हलवतात, दही मोडतं, पाणी सुटतं. डॉक्टर पातेल्याकडे बघत राहतात, आणि त्यांना कळलंय हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पानात लोणचं वाढताना तुम्ही म्हणालात, आणि हे मुरलेलं, ह्याला वर्ष गेलं. घरात आपण एवढे शब्द वापरतो आणि कामावर गेलं की तिघांचे तीन अर्थ एकाच शब्दात कोंबतो, मग माल सांडणारच.

जेवण होईपर्यंत सगळं ठरलं होतं. ओघळायचं थांबलं की आळलं, तिथून पुढे दट्ट्या दाबायचा नाही. आकार आला पण धक्का सोसत नाही, ते विरजलं, तेव्हा कुणी हात लावायचा नाही. हाडाला चिकटून भार घ्यायला लागलं की धरलं, मोडलेल्या हाडाबद्दल आपण म्हणतोच तसं. आणि शरीर आत शिरलं, त्याचं हाड करायला लागलं, की मुरलं. पहिल्या तिन्हींचं त्याच दिवशी कळणार होतं, शेवटच्यासाठी महिनेच्या महिने थांबायला लागणार होतं. सोमवारपासून आपल्या खोलीत 'सेट' म्हणायला बंदी आली. मी सवयीनं एकदा लिहिलं, तर कागद परत आला, वर तुमच्या लाल पेनानं: कोण सेट झालं? तू? डॉक्टरांनी सुरुवातीला पुष्कळ थट्टा केली. पण त्याच सर्जन लोकांना दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ऐन वेळी डॉक्टरच दोन्ही हात वर करून म्हणाले, "विरजलंय. कुणी हलू नका." सगळे खरोखर हलायचे थांबले. आणि ते हाड धरलं, बाई. वाकवलं, आपटलं, तरी मोडलं नाही. पुढे ऑपरेशन थिएटरातल्या मल्याळी नर्ससुद्धा विरजलं म्हणायला शिकल्या.

मग ससे आले. म्हणजे आपल्याकडे नव्हे, मुंबईत जनावरांच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीच्या तपासणीत पेस्ट हाडाला छान चिकटलेली दिसली, सूज नाही, पू नाही. तेवढ्यावर रुग्णालयाच्या समितीनं पहिल्या काही रुग्णांसाठी परवानगी दिली. पण काही ससे तुम्ही मागे ठेवायला लावले होते, आणखी बरेच महिने, कारण तुम्हाला मुरलेलं बघायचं होतं. आणि पेस्ट प्रयोगशाळेबाहेर जायची तर तुमची सही लागायची. नेमकी त्याच दिवसांत माझी आई बाजारात ओल्या फरशीवर घसरली आणि उजव्या हातावर पडली.

मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि मला काही सांगायची गरज पडली नाही. टोकाचं हाड चेपून आत पोकळी झाली होती. एवढी वर्षं आपण ज्याच्यासाठी राबत होतो, तेच ते चित्र. नुसतं प्लास्टर घातलं तर हाड खाली बसणार आणि हात वाकडा जुळणार, आणि कमरेचं हाड काढायला तिच्या साखरेमुळे डॉक्टर तयार नव्हते. पेस्ट टोचली तर हात बहुतेक सरळ राहील, असं त्यांनी तिला नीट समजावलं, धोकाही सांगितला. आईनं एकच विचारलं, ती माझ्या सालांची का? मग घाला, म्हणाली. तिचं सगळं त्या उजव्या हातावर होतं. सुरमई कापायची ती त्याच हातानं. मोडलेली हाडं जागच्या जागी जुळायला लागायच्या आत, म्हणजे त्याच आठवड्यात, काय ते करायला हवं होतं. मी पळत डोंबिवली गाठली. तुम्ही सही करणार नाही हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"धरलेलं मी पाहिलंय," तुम्ही म्हणालात. "मुरलेलं अजून पाहिलेलं नाही."

मी समितीचा कागद पुढे केला. डॉक्टर तयार आहेत, आई तयार आहे, तिला सगळं सांगून झालंय, असं सगळं बोललो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. पुढे कधी शरीरानं ते नाकारलं तर नुसती पेस्ट काढता येणार नाही, म्हणालात, तिच्याबरोबर मनगटाचं हाड येईल. आत्ता हात नुसता वाकडा होईल, पुढे नाकारलं तर तो निकामी होईल. मला ते ऐकायचंच नव्हतं. मी विचारलं, "तुमची आई असती तर?"

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

"ती माझी आई असती तर मी आत्ता सही केली असती. म्हणून तर तुझं ऐकत नाहीये."

आईचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टर म्हणाले होते तसाच वाकडा जुळला. मोठी मासळी कापणं सुटलं. छोटी ती डाव्या हातानं करायला शिकली, हळूहळू. गिऱ्हाईक थांबायला कुरकुरायचं. पाटी डोक्यावर घ्यायला शेजारणीला हाक मारायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळे मला जास्तच लागायचं. तुमच्याशी मी कामापुरतं बोलत होतो. डबा घेऊन बाहेर शेडच्या पायरीवर बसायचो, म्हणजे तुमच्यासमोर जेवायला नको. तुम्ही मात्र रोज विचारायचात, आईचा हात कसा आहे? मी रोज सांगायचो, वाकडा. हे असं महिनोन्‌महिने चाललं आणि एकही दिवस तुम्ही विचारायचं टाळलं नाहीत. दुसरीकडे नोकरी मिळत होती, ती मी घेतली नाही. तुमच्या हाताखाली जे शिकत होतो ते दुसरं कुणी शिकवणार नाही, हे रागातही कळत होतं, आणि कळत होतं म्हणून आणखी राग यायचा.

दिवाळीच्या सुमारास मागे ठेवलेल्या सशांच्या हाडांचे काप आले, काचांवर बसवलेले. डॉक्टर पेढे घेऊनच आले होते, त्यांनी निकाल गृहीत धरलेला. तुम्ही बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होतात, एकेक काच बदलत. मग म्हणालात, "मुरलंय," आणि उठून मला खुर्ची दिलीत. करड्या पेस्टमध्ये चहूबाजूंनी गुलाबी हाड शिरलेलं होतं, जमिनीत मुळं जातात तसं. कित्येक ठिकाणी पेस्ट कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. तसं काम मी त्यानंतरही फार थोडं पाहिलंय. शेठ आले, शेडमधली माणसं पांढऱ्या हातांनी आत आली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आईच्या हातात जी पेस्ट जाणार होती तीच ही, त्याच बॅचची, हे तिथे आपल्या तिघांनाच माहीत होतं. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि तसाच कागदावर ठेवून दिलात. मला म्हणालात, उद्या मला तुझ्या आईकडे घेऊन चल.

काही गरज नाही, असं मी बरंच सांगून पाहिलं. तुम्ही आलात. स्टेशनपासून रिक्षा, मग कोळीवाड्याच्या गल्लीतून पायी. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातलेले, आणि तुम्ही नाकाला पदर लावला नाहीत. आई दारात बसली होती, ती उठायला लागली तर तुम्ही तिला उठू दिलं नाहीत. पायरीवर तिच्या शेजारीच बसलात, आणि पाण्याचा पेलासुद्धा घ्यायच्या आधी बोललात.

"तुमचा हात सरळ राहिला असता. तेव्हा मला माहीत नव्हतं, काल कळलं. मी नाही म्हटलं म्हणून तो वाकडा झाला. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं, म्हणून आले."

माफी मागितली नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाहीच म्हणेन, हेही तिला सांगितलंत, आवाज न चढवता. मी भिंतीशी उभा होतो आणि मला वाटलं, आता आई सुटणार. तिची जीभ काही साधी नव्हती, बाजारात भल्याभल्यांना तिनं गप्प केलेलं मी पाहिलेलं. तिनं आपल्या हाताकडे बघितलं, मग तुमच्याकडे.

"मंग माजी सालां चांगली होती ना?"

"उत्तम होती," तुम्ही म्हणालात.

"मंग झाला तर," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तुम्ही चहा घेतलात, दुसरा कपही घेतलात. तिचा तो वाकडा हात आपल्या हातात घेऊन बोटांनी चाचपून बघितलात, मच्छीचा वास असलेला हात, आणि रात्री दुखतो का, थंडीत जास्त होतं का, असं विचारत राहिलात. मी वाड्यातल्या लोकांकडे बघत होतो, लोक तुमच्याकडे. निघताना आईनं सुक्या बोंबलांची पिशवी तुमच्या हातात ठेवली. मी तिला डोळ्यांनी खुणावून दमलो, तिला ते कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही पिशवी घेतलीत, रिक्षा मिळेपर्यंत स्वतः धरलीत, आणि मग माझ्याकडे देत म्हणालात, "हे माझ्या घरी चालणार नाही. पण तिला परत देऊ नकोस." ते बोंबील शेवटी डॉक्टरांनी खाल्ले आणि आईचं तोंडभरून कौतुक केलं.

पुढे कोपर गावातल्या एका मास्तरांच्या गुडघ्याखालच्या हाडात आपली पेस्ट पहिल्यांदा गेली, ती धरली आणि मुरलीही. मास्तर वर्षानं स्वतःच्या पायांनी चालत प्रयोगशाळेत भेटायला आले होते. आणखी काहीजणांना दिली. मग नव्वदीत परदेशी तयार पेस्ट चकचकीत खोक्यांतून यायला लागली, शेठनी जागा विकली, तुम्ही निवृत्त झालात आणि थोड्या वर्षांत गेलातही. आता आईही नाही. आपण जे केलं ते कुठे छापून आलं नाही, त्याचं तुम्हाला कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटतं. तुमच्याइतकी कुणाच्याही बाजूला न झुकणारी बुद्धी मी दुसरी पाहिली नाही, आणि ती डोंबिवलीच्या एका शेडमागे होती हे चार लोकांना कळायला हवं होतं. मी ह्याच कामात राहिलो. आता सही माझी लागते. कुणी वडिलांसाठी येतं, कुणी मुलीसाठी, कागद पुरे असतात आणि माझं काहीतरी पाहायचं राहिलेलं असतं. 'नाही' म्हणायला मी तुमच्याकडे बघून शिकलो. नंतर त्यांच्या घरी जाऊन सांगणं कठीण जातं. दोनदा गेलो, दोन्ही वेळा दारातूनच बोलून परत आलो. पायरीवर बसणं अजून जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला जिवंतपणी सांगितली नाही, आणि हे तुमच्या हातात पडणार नाही हे माहीत आहे म्हणूनच आज लिहिता येतंय. काचा आल्या त्या दिवशी तुम्ही मायक्रोस्कोपवर वाकला होतात आणि मी मागे उभा होतो. डॉक्टरांना वाटत असेल, हा देवाकडे यश मागतोय. मी एकवीरा आईला म्हणत होतो, फसू दे. ते काम माझंही होतं, सालं माझ्या आईची होती, तरी सगळं वाया जाऊ दे, आत पू निघू दे, हाडानं ते नाकारलेलं असू दे, काहीही होऊ दे, पण बाईंचं 'नाही' खरं ठरू दे. म्हणजे आईचा हात उगाच वाकडा झाला असं होणार नाही आणि मला पुन्हा तुमच्यासमोर बसून जेवता येईल. मग तुम्ही म्हणालात, मुरलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना ते आनंदाचं वाटलं. त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला, पाठीवर थाप मारली, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.